पन्हाळा चढून थांबलं की बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास : इंजिन काम की नुसतं पॅकिंग?

रंकाळा_पश्चिम :
नमस्कार मंडळी. गाडी १२०० सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल, साधा गिअर, ९४ हजार किलोमीटर. हायवेला कागल-निपाणीपर्यंत काही वास नाही. पन्हाळा किंवा जोतिबा चढून गाडी उभी केली, किंवा दसरा चौकात सिग्नलला जरा जास्त वेळ थांबावं लागलं, की तेल जळाल्याचा वास आत येतो. एसी बाहेरची हवा घेत असेल तर जास्त, रिसर्क्युलेशनवर कमी. सायलेन्सरमधून धूर दिसत नाही. टेंपरेचर नेहमीसारखं. डिपस्टिकवर तेल खालच्या खुणेच्या थोडं वर आहे, म्हणजे कमी झालंय. पार्किंगच्या फरशीवर मात्र एक डाग नाही.

एका गॅरेजमध्ये "रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करावं लागंल" असं सांगितलंय, म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा बदलायच्या. धूर नाही, डाग नाही, मग तेल जातंय कुठं? इंजिन उघडायच्या आधी काय तपासावं आणि कोणत्या क्रमानं?

उद्यमनगर_फिटर :
हाफ इंजिन लांब राहू दे. तुम्ही दिलेल्या माहितीतच निम्मं उत्तर आहे.

फरशीवर डाग नाही म्हणून गळती नाही, असं धरू नका. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून तेल पाझरलं की ते हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) अंगावरून खाली उतरतं. वाटेत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका वायू सायलेन्सरकडे नेणारा तापलेला पाइप) किंवा त्याच्यावरचा पत्रा लागला तर तिथंच जळून जातं. चढाला मॅनिफोल्ड ४०० अंशांच्या वर सहज जातो आणि इंजिन ऑइल त्याच्या निम्म्या तापमानालाच धुरायला लागतं. जमिनीपर्यंत पोचायला काही उरतच नाही.

चढालाच का? गाडीचं नाक वर झालं की हेडमधलं तेल मागं, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला साचतं. तुमच्या इंजिनाचा एक्झॉस्ट मागच्या बाजूला असेल (बॉनेट उघडून बघा, पुढं पातळ पत्र्याचं झाकण आणि त्याखाली मॅनिफोल्ड दिसत नसेल तर तो मागं आहे) तर गळायची आणि जळायची जागा एकच झाली. शिवाय चढाला भार, म्हणजे उष्णता जास्त.

आणि थांबल्यावरच का? चालत्या गाडीत वारा वास खालून मागं नेतो. उभी राहिली की गरम हवा वर चढते, आणि एसीची बाहेरची हवा घ्यायची जाळी काचेच्या पायथ्याला, बॉनेटच्या मागच्या कडेला असते. बॉनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टी कडक झाली असेल किंवा निघाली असेल तर वास सरळ आत. ती पट्टीही बघून ठेवा.

रिंगा गेल्या असत्या तर तेल सिलिंडरमध्ये जळून सायलेन्सरमधून गेलं असतं. तो वास मागून येणाऱ्याला आधी लागतो, तुम्हाला नंतर.

शाहूपुरी_ऑटो_ताई :
फिटरदादांशी सहमत, एक भर घालते. धूर दिसत नाही एवढ्यावर रिंगा आणि व्हॉल्व्ह सील (वरचं तेल सिलिंडरमध्ये उतरू न देणारी रबरं) निर्दोष ठरवू नका. एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडं तेल जाळून टाकतो, त्यामुळे बारीक खप धुरात दिसतच नाही. निळसर धूर कधी येतो यावरून अंदाज बांधता येतो. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्याबरोबर भपकारा येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील. जोर देताना सतत येत असेल तर रिंगा. लांब उतार इंजिन ब्रेकवर उतरून पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आला तर परत व्हॉल्व्ह सीलकडेच बोट.

कळंबा_चारचाकी :
पन्हाळा चढून वास म्हटल्यावर क्लच का नको धरायला? जोतिबाच्या चढाला गर्दीत निम्मी जनता हाफ क्लचवर गाडी धरून उभी असते. त्याचा वासही "काहीतरी जळतंय" असाच येतो आणि थांबल्यावरच आत येतो.

उद्यमनगर_फिटर :
@कळंबा_चारचाकी, शंका रास्त आहे भावा, पण वास वेगळा. क्लचचा वास जळक्या कागदाचा, कोरडा, नाकात टोचणारा. तेलाचा चिकट, जड, आणि बॉनेट उघडल्यावर वाढणारा. खात्री करायला सपाट मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ४० च्या आसपास वेग ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर पळाले आणि वेग मागंच राहिला तर प्लेट घसरतेय. दोन्ही बरोबर वाढले तर क्लच ठीक.

शिवाय क्लचमुळे डिपस्टिकवरचं तेल कमी होत नाही. ह्यांचं झालंय.

मंगळवार_पेठ :
उतारावर वास आला तर ब्रेक. पन्हाळ्यावरून उतरताना गाडी दुसऱ्या गिअरला टाका, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. सपाटीलाही एकाच चाकाजवळ वास आणि चाक इतरांपेक्षा जास्त तापत असेल तर कॅलिपरच्या पिना जाम आहेत. हात लावून बघू नका, भाजतं. जवळ नुसता तळवा धरला तरी फरक कळतो.

रंकाळा_पश्चिम :
क्लचची चाचणी केली, आरपीएम आणि वेग बरोबर वाढतात. वास बॉनेट उघडल्यावर मागच्या बाजूला, ड्रायव्हरच्या अंगाला जास्त येतो. गोड वास नाही, प्लॅस्टिकचाही नाही.

शाहूपुरी_ऑटो_ताई :
गोड वास नाही म्हणजे कूलंट बाजूला, प्लॅस्टिकचा नाही म्हणजे वायरिंगही बाजूला ठेवूया. आता हे करा.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, दोन तास तरी. सपाट जागेवर तेलाची पातळी बघा. पट्टी पुसून परत घाला, मग वाचा. दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच छोट्या गाड्यांत लिटरभराच्या आतबाहेर असतं, त्यामुळे एकदम बाटली उपडी करू नका. पाव लिटर घाला, पाच मिनिटं थांबा, परत बघा. वरच्या खुणेच्या वर गेलं तर क्रँक तेलात फिरून फेस करतो आणि आतला दाब वाढून सगळ्या सीलवर ताण येतो.

मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. फिलर कॅपची रबरी रिंग, टॅपेट कव्हरची सगळी कड, कव्हर आणि टायमिंग चेन कव्हर जिथं भेटतात ते दोन कोपरे, मग ऑइल प्रेशरचा स्विच, ऑइल फिल्टर, शेवटी चेंबरचा (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचा) नट. तेल खाली उतरतं आणि वाऱ्यानं मागं जातं. म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा हेच मूळ. चेंबर ओला दिसला म्हणून चेंबरचं पॅकिंग बदलायला गेलं की पैसे जातात आणि वास राहतो.

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट :
नुकतंच सर्व्हिसिंग झालं असेल तर आधी फिल्टर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहते आणि नवा फिल्टर त्याच्यावरच बसवला जातो. दोन रिंगा एकावर एक बसत नाहीत, दाब आला की तेल उडतं, आणि ही गळती साधी नाही, काही मिनिटांत चेंबर रिकामा होऊ शकतो. फिल्टर बसवताना बसण्याची जागा फडक्यानं पुसून बोटानं चाचपायची, नव्या रिंगेला थोडं तेल लावायचं, रिंग टेकली की हातानं पाऊण फेरा. पाना लावून आवळायचा नाही.

चेंबर नटचा वॉशरही दर वेळी नवा. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की परत नीट बसत नाही. मग गळतंय म्हणून नट जास्त आवळतात आणि चेंबरचे आटे जातात.

राजारामपुरी_९वी_गल्ली :
एवढं कशाला? ९० हजारच्या पुढं गेलेल्या गाडीला घट्ट तेल घाला. २०डब्ल्यू-५० घातलं की पाझर बंद. जुन्या गाड्यांना वर्षानुवर्षं तेच चाललंय.

उद्यमनगर_फिटर :
@राजारामपुरी, ह्या गाडीला ते करू नका, मनापासून सांगतो. जुन्या इंजिनांत तेलाच्या वाटा रुंद होत्या. आताच्या इंजिनांत व्हॅल्व्ह टायमिंग बदलणारा सोलेनॉइड आणि चेनचा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतात, वाटा अगदी बारीक. कंपनीनं ५डब्ल्यू-३० सांगितलंय तिथं २०डब्ल्यू-५० घातलं तर सकाळी गार इंजिनात तेल वर पोचायला वेळ लागतो, चेन खडखडते, पेट्रोल जास्त खातं. आणि रबर कडक होऊन चपटं झालंय, तिथली फट जाड तेलानं भरत नाही. पाझर थोडा हळू होतो, एवढंच.

राजारामपुरी_९वी_गल्ली :
टायमिंगचा मुद्दा पटला. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांचा अनुभव इथं लावायला नको. मग ती सील फुगवणारी बाटली मिळते, ती?

शाहूपुरी_ऑटो_ताई :
ती क्रँक सीलसारख्या फिरत्या सीलच्या अगदी किरकोळ पाझराला काही दिवस उपयोगी पडते. टॅपेट कव्हरचं पॅकिंग तुलनेनं स्वस्त असतं आणि हाताशी येणाऱ्या जागेवर असतं. तिथं बाटलीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

पाचगाव_टर्बो :
डिझेलवाल्यांसाठी थोडं विषयांतर. तुमच्या गाडीत टर्बो असेल तर यादी बदलते. टर्बोला तेल देणाऱ्या पाइपच्या बोल्टाखाली दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात, तिथं पाझर आला तर तेल थेट तापलेल्या टर्बोवर. तेल परत नेणाऱ्या पाइपात काजळी धरून वाट अडली की तेल टर्बोतच साचतं, सील ओलांडून एक्झॉस्टमध्ये जातं आणि निळा धूर येतो. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा पातळ थर दिसला तर लगेच घाबरू नका, तो बहुतेक गाड्यांत असतो. तेल ओघळून बाहेर पडत असेल तर मात्र दुखणं.

करूळ घाट चढून गगनबावड्याला आल्यावर लगेच चावी बंद करू नका. मिनिटभर आयडलला ठेवा. टर्बो लाल असताना तेलाचा पुरवठा थांबला की आतलं तेल करपतं आणि त्याचीच काजळी पुढं पाइप अडवते.

हातकणंगले_हायवे :
ऊस हंगामात अजून एक गोष्ट. ट्रॉल्यांतून पडलेलं पाचट रस्त्यावर असतं, शेताच्या वाटेला तर थरच. ते गाडीखाली कन्व्हर्टर आणि पत्र्याच्या मध्ये अडकतं, तापतं आणि करपट वास येतो. हा वास तेलाचा नाही, पण धोका जास्त, कारण पाचट पेट घेतं. गाडी वाळक्या पाचटावर उभी करू नका. इंजिनाच्या झाकणाखाली उंदरानं पाचट, कापूस साठवलाय का तेही बघा. टॅपेट कव्हरची कड बघायला झाकण काढणारच आहात, तेव्हाच दिसेल.

मंगळवार_पेठ :
सायलेन्सरवर चुकून गेलेलं अंडरकोटिंगही काही दिवस वास देतं. पावसाळ्याआधी कोटिंग केलेल्यांनी ते आठवून बघावं.

रंकाळा_पश्चिम :
कोटिंग केलेलं नाही, पाचटही नाही. टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला धूळ आणि तेलाचा काळा थर आहे. कुठून सुरू झालंय ते त्या थरामुळे समजत नाही. वॉशिंग सेंटरला इंजिनवर प्रेशर मारून घेऊ का?

उद्यमनगर_फिटर :
नको! अल्टरनेटर, इग्निशन कॉइल आणि सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं आणि वासाच्या जोडीला मिसफायर येतो. डिझेल-रॉकेलनंही धुऊ नका, होजपाइपचं रबर फुगतं आणि तो थर नंतर मॅनिफोल्डवर पेटू शकतो.

गार इंजिनावर डीग्रीझर फवारा, दहा मिनिटं मुरू द्या, जुन्या टूथब्रशनं घासा, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. पूर्ण वाळू द्या. मग कड आणि हेडच्या खालच्या भागावर साधी टाल्कम पावडर पातळ भुरभुरवा. पट्टा, पुली आणि हवेचं तोंड यांच्यापासून लांब. वीसेक मिनिटं चालवून, एखादा चढ घेऊन या आणि गार झाल्यावर बघा. तेल जिथून निघालं तिथून पावडरीत ओली रेघ उतरलेली दिसेल.

तसं सापडलंच नाही तर तेलात मिसळायचा यूव्ही डाय मिळतो. निळ्या टॉर्चखाली गळकी जागा पिवळसर हिरवी चमकते.

शाहूपुरी_ऑटो_ताई :
पॅकिंग बदलायच्या आधी ब्रीदर (इंजिनात कोंडणारा वायू काढून घेणारी वाट) तपासलाच पाहिजे, नाहीतर नवं पॅकिंगही गळेल. सिलिंडरमधून थोडा वायू रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये येतच असतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून परत इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या बाजूला) ओढला जातो. व्हॉल्व्ह चिकटला किंवा पाइप काजळीनं बुजला की दाब आत कोंडतो आणि सगळ्यात कमजोर पॅकिंगमधून तेल बाहेर ढकलतो.

इंजिन गरम, आयडलला. फिलर कॅप काढून तोंडावर कागद ठेवा. कागद हलका आत ओढला गेला तर ठीक. कागद उडत असेल तर एकतर पीसीव्ही अडलाय किंवा रिंगांतून वायू जास्त येतोय. पीसीव्ही काढून कानाशी हलवा, आत खुळखुळ वाजला पाहिजे. नवा टाकूनही कागद उडतच राहिला तर मग रिंगांबद्दल बोलायचं, आणि तेही कम्प्रेशन मोजून. चारही प्लग काढायचे, इंधन आणि इग्निशन बंद करायचं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा. सिलिंडरा-सिलिंडरांत फरक साधारण १ बारच्या आत हवा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर तेल घालून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह. हे न करता "हाफ इंजिन" सांगणं म्हणजे ग्राहकाच्या पैशावर अंदाज बांधणं आहे. उद्यमनगरात कम्प्रेशन गेज असलेली कितीतरी माणसं आहेत, तिथं मोजून मागा.

रंकाळा_पश्चिम :
केलं सगळं. कागद आत ओढला जातो. पीसीव्ही खुळखुळतो. पावडरीत ओली रेघ टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, चेन कव्हरच्या जोडापासून सुरू होऊन खाली मॅनिफोल्डच्या पत्र्यावर गेलीय. आणि प्लगवरची इग्निशन कॉइल काढून बघितली तर तिसऱ्या प्लगच्या खड्ड्यात तेल आहे.

उद्यमनगर_फिटर :
झालं की मग. पॅकिंग आणि प्लगच्या नळीचे सील, दोन्ही एकाच वेळी बदला. काही गाड्यांत नळीचे सील पॅकिंगच्या सेटमध्ये येतात, काहींत कव्हरमध्येच बसवलेले असतात. भाग मागवताना विचारून घ्या.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉइल, ब्रीदर पाइप, पीसीव्ही सुटे करा, कनेक्टरचे फोटो काढून ठेवा. प्लगच्या खड्ड्यातलं तेल फडक्यानं किंवा सिरिंजनं ओढून मगच प्लग काढा, नाहीतर सगळं सिलिंडरमध्ये जातं. कॉइलचं रबर तेलानं फुगलं असेल तर तेही बदला.

कव्हरचे १० नंबरचे बोल्ट बाहेरून मधे अशा क्रमानं थोडे थोडे सैल करा. कव्हर चिकटलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा पडला की तिथून कायमचा पाझर. रबरी हातोडीनं कडेला टकटक करा. हेड उघडं असताना वर स्वच्छ फडकं झाका.

जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडा, दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरनं पुसा. कव्हर प्लॅस्टिकचं असेल तर सरळ पट्टी लावून वाकलंय का, बोल्टाजवळ चीर आहे का ते बघा. तसं असेल तर पॅकिंगनं भागणार नाही, कव्हरच बदलावं लागंल.

सिलिकॉन फक्त चेन कव्हरच्या जोडावर, दोन कोपऱ्यांत, ३ मिलिमीटर जाडीचा ठिपका. बाकी कडेला नवं रबर कोरडंच बसतं. लावल्यावर पाचेक मिनिटांत कव्हर बसवा. बोल्ट आधी हातानं, मग मधून बाहेर, दोन फेऱ्यांत. असे बारीक बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन मीटरला बसतात, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. लांब पान्यानं जोर लावला तर रबर चिरडतं किंवा हेडचे आटे जातात. रात्रभर सिलिकॉन सुकू द्या, सकाळी चालू करा.

कळंबा_चारचाकी :
काही जण पॅकिंग न बदलता पूर्ण कडेला सिलिकॉनच भरतात. ते का चुकीचं?

शाहूपुरी_ऑटो_ताई :
आतल्या बाजूला आलेलं जादा सिलिकॉन सुकून तुटतं, तुकडे चेंबरमध्ये जातात आणि ऑइल पंपाच्या जाळीला अडकतात. मग तेलाचा दाब जातो, बेअरिंग जातात. थोडे पैसे वाचवायला इंजिन गमवायचं, कुणीच करू नये.

रंकाळा_पश्चिम :
काम आठवडाभरानं होईल, पॅकिंग मागवलंय. तोवर आंबा घाटातून रत्नागिरीला जायचं आहे. चालेल का?

उद्यमनगर_फिटर :
नुसता वास असेल, डोळ्यांना धूर दिसत नसेल तर चालेल, पण तयारीनं. निघताना तेल वरच्या खुणेजवळ आणा, त्याच ग्रेडची लिटरभर बाटली बरोबर ठेवा, परतताना घाट चढून झाल्यावर दहा मिनिटं थांबून पट्टी बघा. मॅनिफोल्डवरचा जुना थर आधीच पुसून घ्या, तेवढं जळायचं कमी. रिसर्क्युलेशनवर वास दाबून बसू नका, काचा थोड्या उघड्या ठेवा. एक्झॉस्टचं पॅकिंग फुटलं असेल तर त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येतो आणि त्याला वास नसतो.

ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथंच बंद, "पुढच्या गावापर्यंत" नाही. बॉनेटमधून धूर आला तर बाजूला घ्या, चावी बंद, सगळे खाली. ज्वाळा असतील तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळून भडकतं. फटीतून आग विझवायचा एबीसी पावडरचा सिलिंडर मारा. तेलाच्या आगीवर पाणी नाही.

गोकुळ_शिरगाव_शिफ्ट :
आणि पॅकिंग बदलल्यावर पहिले काही दिवस थोडा वास येईलच. पत्र्याच्या मागं, कन्व्हर्टरच्या वर जिथं ब्रश पोचला नाही तिथलं तेल जळून संपावं लागतं. लगेच बोल्ट परत आवळायला घेऊ नका. कड कोरडी आहे का तेवढं पावडर टाकून बघा, कोरडी असेल तर काही करायची गरज नाही.